सुदामच्या वाटचं

देव नाही असं सांगणारी माणसं मी जन्मात पुष्कळ पाहिली. त्यांतल्या बहुतेकांना ते सांगायला समोर दहा जण तरी लागायचे. सुदाम ताकसांडे तसा नव्हता. कोणी विचारलंच तर तो "नाई" एवढंच म्हणायचा आणि पुढच्या कामाला लागायचा, जसं काही कोणी त्याला घरात साखर आहे का असं विचारलं होतं.

परवा आमच्या नातवानं जेवताना विचारलं, "आजोबा, तुम्ही देव मानता का?" मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. खरं उत्तर काय ते शोधायला लागलो. सून म्हणाली, "बाबा, भात थंड होतोय." आता तिला काय सांगू, की ही खोड मला कोणी लावली? त्याला जाऊनही जन्म लोटला, पण खोड गेली नाही.

ती पन्नाससालानंतरची वर्षं. आमचं वसतिगृह वर्ध्याच्या टोकाला, पिपरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पहाटेची घंटा, सूतकताई, खादी आणि संध्याकाळी अंगणात सर्वधर्म प्रार्थना. मी कारंजाचा, म्हणजे घाडग्यांच्या कारंजाचा, किराणा दुकानदाराचा पोरगा. पोरं मला शेट म्हणायची. मी नास्तिक वगैरे काही नव्हतो. मला प्रार्थनेत झोप यायची, एवढाच माझा वैचारिक मतभेद.

सुदाम पुलगावच्या अलीकडच्या एका खेड्यातला. बाप लहानपणीच गेलेला. माय जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात कामाला, कापसाच्या ढिगाऱ्यात दिवसभर. पोरगा उंच, काटकुळा, मान जराशी पुढं काढून चालणारा. अंगात नेहमी पांढरा सदरा. सदरे दोन आहेत की एकच आहे हे आम्हाला कधी कळलं नाही, कारण कधीही बघावं तर तो स्वच्छच.

तो हळू बोलायचा. नवख्याला वाटायचं, हा अडखळतो. तसं नव्हतं. बोललेलं वाक्य तो परत एकदा ऐकायचा, आणि त्यात काही खोट दिसली की तिथंच थांबून म्हणायचा, "नाई, हे खोटं झालं." मग दुरुस्त करून पुन्हा सांगायचा. "आज लय भूक लागली. नाई, हे खोटं झालं. बरी लागली." आमची हसून मुरकुंडी वळायची. स्टेशनजवळच्या हॉटेलवाल्यानं एकदा कौतुकानं विचारलं, "काय ताकसांडेभाऊ, चहा फक्कड झाला ना?" सुदामनं कप खाली ठेवला, विचार केला आणि म्हणाला, "कालच्यापेक्षा बरा हाय." त्यानंतर तो हॉटेलवाला दुसऱ्या कोणाला विचारायचा नाही. त्यालाच विचारायचा.

एकदा मी त्याला विचारलं होतं, "तू देव काऊन नाई मानत?"

"सोपं हाय," तो म्हणाला. "त्यानं मले देवळाबाहेर ठेवलं. म्या त्याले घराबाहेर ठेवलं. फिटंफाट." मग मान तिरकी केली. "नाई, हे खोटं झालं. बाहेर ठेवलं ते लोकायनं. तो तं तिथं नव्हताच."

असा हा माणूस. तो प्रार्थनेला बसेल कसा?

आमचे रेक्टर, त्यांना सगळे गुरुजी म्हणत, स्वभावानं कडक पण मनानं सरळ. त्यांनी सुदामला बोलावलं. आम्ही पोरं व्हरांड्यात कान देऊन उभे. "अरे बाबा," गुरुजी म्हणाले, "ही सर्वधर्म प्रार्थना आहे. यात सगळे आले."

"सगळे आले गुरुजी. म्याच नाई आलो त्याच्यात."

"नुसतं बसायला काय जातं तुझं? ओठ हलव. कोण बघतंय?"

"म्या बघतो ना," सुदाम म्हणाला.

गुरुजी चिडले. वसतिगृहात राहायचं तर नियम पाळावा लागेल, नाहीतर सामान बांधावं लागेल, असं स्पष्ट सांगितलं. सुदामजवळ दुसरी जागा नव्हती. गावात त्याच्या आडनावाला खोली मिळत नव्हती, हे गुरुजींनाही माहीत होतं आणि आम्हालाही. तरी तो म्हणाला, "जाईन मंग. पण तोंडात एक अन् मनात एक, हे मले जमत नाई. मले त्याच्यानं आजारी पडल्यासारखं होते."

गुरुजी बराच वेळ चष्मा पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "प्रार्थनेच्या वेळात तू काय करशील? लोळशील?"

"बसन."

"बसून काय करशील?"

"तुमी काय करता?"

आता याची पेटी बाहेर येते, असं वाटलं. पण गुरुजी हसले. म्हणाले, "बरं. भटारखान्यामागच्या पायऱ्यांवर बस. पण बस म्हणजे बस. पुस्तक नाही, सिनेमाच्या गप्पा नाहीत. आम्ही जेवढा वेळ बसू तेवढा वेळ तू बसायचं." आणि मग आमच्याकडे वळून, "आणखी कोणाला जायचं असेल त्यानं जावं. झोपेसाठी जाऊ नये." हे माझ्याकडे बघून. मी गेलोच.

तिसरा आला वझलवार. आर्वीच्या वकिलाचा मुलगा, वाद घालण्याचा भारी शौकीन. चौथा-पाचवा कोणी अधूनमधून यायचा, डास चावले की परत प्रार्थनेला जायचा. खरे आम्ही तिघंच.

सुरुवातीचे दिवस फार कंटाळवाणे गेले. वझलवार रोज देव नाही हे सिद्ध करायचा. पुराव्यानिशी, मुद्द्यांनिशी. मी जांभया द्यायचो. सुदाम सगळ्यात खालच्या पायरीवर, गुडघ्यांभोवती हात गुंफून. भिंतीपलीकडून प्रार्थनेचा आवाज यायचा, आणि बघावं तर सुदामचं बोट गुडघ्यावर हळूच ताल धरत असायचं. वझलवारनं एकदा पकडलं त्याला. "काय रे, भक्तीचा उमाळा आला की काय?"

"चाल चांगली हाय," सुदाम म्हणाला. "चालीनं माह्यं काय वाईट केलं?" मग जरा थांबून, "ते सारे मिळून म्हणून राह्यले ना, ते पाह्यजे मले. म्हणून काय राह्यले, ते नाई पाह्यजे."

हे तो इतक्या साधेपणानं बोलला, की मला त्यातलं एकटेपण तेव्हा ऐकू आलं नाही. आता येतं. आता मी पण संध्याकाळी खुर्ची टाकून बाहेर बसतो आणि शेजारच्या घरातली आरती ऐकतो. असो.

एका संध्याकाळी वझलवार पुन्हा सुरू झाला, तेव्हा सुदाम वैतागला. त्याला वैतागलेलं मी तेवढंच पाहिलं. "अरे, देव नाई, देव नाई, रोज रोज काय लावलं? नाई म्हटलं ना? झालं! आता जे हाय ते सांगा."

"काय आहे?" वझलवार म्हणाला.

"माणसं हायत." सुदाम म्हणाला. "आज दिवसभरात तुले कोण भेटलं? एक माणूस आण उद्या. आपण त्याले इथं मधात बसवू."

असा आमचा तो रिवाज पडला. रोज एकानं एक माणूस आणायचा. म्हणजे भेटलेला माणूस पायरीवर बसून सांगायचा. नियम सुदामचे. वाहवा करायची नाही, शिव्या द्यायच्या नाहीत. जसा दिसला तसा सांगायचा. आणि शेवटी बाकीच्यांनी विचारायचं, "त्याले काय पाह्यजे?" ज्यानं माणूस आणला त्यानं उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही, म्हणजे तू त्याला नीट पाहिलंच नाही. उद्या जाऊन पुन्हा पाहा.

ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. पहिल्याच दिवशी वझलवारनं तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांना आणलं. त्यांचं नाकातलं बोलणं, धोतर सावरणं, सगळं हुबेहूब. मी पोट धरून हसलो. सुदाम हसला नाही असं नाही, हसला. पण मग म्हणाला, "ही नक्कल झाली. माणूस कुठं आला?" आणि विचारलं, "त्यायले काय पाह्यजे?" वझलवारला काही सांगता येईना. दुसऱ्या दिवशी तो त्यांच्या घरी गेला, आणि त्या संध्याकाळी त्यानं आणलेला माणूस वेगळाच होता. बायको आजारी, स्वतः चूल फुंकणारा. नाकातलं बोलणं त्या धुरामुळं होतं की काय कोण जाणे! वर्गात पुन्हा त्याची नक्कल करावीशी वाटली नाही, याचा वझलवारला पुढं फार राग यायचा. म्हणायचा, "ताकसांड्यानं माझी करमणूक खाल्ली."

माझी पाळी आली तेव्हा मी महाराजांना आणलं. महाराज म्हणजे आमचा आचारी, उत्तरेकडचा, जाडजूड, सदा तिरसट. भटारखान्याला तो चौका म्हणायचा आणि त्या चौक्यात कोणाला पाऊल टाकू द्यायचा नाही. गुरुजींनासुद्धा उंबऱ्याबाहेरून बोलावं लागे. कारण तो घाणेरड्या पायांचं सांगायचा. खरं कारण विटाळाचं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. गुरुजींनी त्यावर दोनदा उपासही केला होता. महाराजानं दोन्ही वेळा गुरुजींसाठी लिंबाचं पाणी पाठवलं आणि उंबरा तसाच राखला.

तर मी महाराज सांगितला. पोळ्या लाटताना तो कसा पुटपुटतो, आम्हाला वाढून झाल्यावर एकटाच चुलीकडं तोंड करून कसा जेवतो, हे सगळं. सुदामनं विचारलं, "त्याले काय पाह्यजे?" मग सुचलं ते बोललो, "साऱ्यायनं जेवावं म्हणून तो राबते. त्याले कोणी इचारत नाई, तू जेवला का म्हणून."

"हां," सुदाम म्हणाला. एवढंच.

त्या रात्रीपासून जेवणं आटोपली की सुदाम मागच्या बाजूनं खिडकीशी जायचा, आत न डोकावता विचारायचा, "महाराज, तुमी जेवले का?" पहिले काही दिवस आतून उत्तरच आलं नाही. मग "हाँ हाँ, जाओ" असं खेकसणं यायला लागलं. पुढं पुढं नुसतं "हाँ बेटा." सुदाम एकही रात्र चुकला नाही. आपल्याला कोणी असं विचारत नाही, हे त्याच्या डोक्यात आलं असेल का? मला नाही वाटत. त्याचा हिशोब नेहमी समोरच्याचा.

सुट्टीत मी त्याला कारंजाला चल म्हणून पुष्कळ गळ घातली. "नाई रे शेट," तो म्हणाला. "तुही माय आडनाव इचारन. म्या सांगन. मंग तिच्या जिवाले तरास, माह्या जिवाले तरास."

"माही माय तशी नाई," मी म्हटलं.

"नाई?" त्यानं सरळ विचारलं.

मी बोललेलं वाक्य परत ऐकलं. मेल्याची खोड तोवर मला लागलेली होती. "हाय," मी म्हटलं. तो हसला आणि माझ्या पाठीवर थाप मारून निघून गेला. गावी दोन दिवस जाऊन आला, बाकी सुट्टीभर तो वसतिगृहात एकटा राहिला.

मग छप्पनचा दसरा आला. साऱ्या जिल्ह्यातून त्याच्या समाजाची माणसं नागपूरकडे निघाली होती, दीक्षा घ्यायला. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, डोक्यावर भाकरीचं गाठोडं. आगगाडीत पाय ठेवायला जागा नाही. सुदाम आधीच गावी गेला होता. परत आला. तिसऱ्या दिवशी पायरीवर बसल्या बसल्या म्हणाला, "आज म्या माह्या मायले आणलं."

आम्ही सरसावून बसलो. त्यानं घरचं माणूस कधी आणलं नव्हतं.

तो सांगायला लागला. नागपूरला जायच्या आदल्या दिवशी मायनं भिंतीतल्या देवळीतले देव काढले, जुन्या चोळीच्या कापडात बांधले आणि त्याच्यापुढं ठेवले. म्हणाली, "तू तं मानतच नाई. तूच नेऊन टाक नदीत." तो गेला. वर्धा नदी गावापासून जवळच. "म्हटलं, यात काय हाय? पत्र्याचे टाक. भिरकावून देऊ," सुदाम म्हणाला. "पण हात उठेना. देवासाठी नाई. मायनं रोज पुसले होते ते. पुसून पुसून त्यायची नाकं गेलती. म्या नाई फेकले. पाण्यात उतरलो अन् ठेवले."

भिंतीपलीकडे प्रार्थना चालू होती.

"नागपुरात लय गर्दी. नाई, लय म्हटलं तरी कमीच होते. नजर पोहोचे तिथवर पांढरं. माय माह्या हाताले धरून. जुनं सोडायच्या प्रतिज्ञा आल्या, त्या म्या खणखणीत म्हटल्या. त्या तं माह्या कवाच्याच होत्या. पण शरण जातो म्हणायची येळ आली अन् माह्ये ओठ बंद झाले. म्हटलं, एवढे लाख लोक एका आवाजात म्हणून राह्यले, हेच तं तुले पाह्यजे होतं ना बाबू? म्हण! पण नाई. ते माह्या मनात नव्हतं. मायनं पाह्यलं माह्याकडं."

"रागावली?" मी विचारलं.

"तवा काही नाई बोलली. पुलगावले उतरून पायी घरी जाताना म्हणे, तू चूप काऊन झालता रे? म्या म्हटलं, माय, मले शरण जाता येत नाई. कोणालेच. ती चालत राह्यली. मंग म्हणे, बरं. म्या म्हटलं तुह्या वाटचं."

तो थांबला. मग रिवाज म्हणून वझलवारनंच विचारलं, "तिला काय पाहिजे?"

सुदाम म्हणाला, "काही नाई. तिले सारं भेटलं. मायले काहीच पाह्यजे नाई, असं म्या पह्यल्यांदा पाह्यलं."

"आणि तुला?"

"आज मले आणलं नाई कोणी. मायले आणलं," सुदाम म्हणाला, आणि घंटा झाली.

त्यानंतर तो जास्तच एकटा पडला, हे स्पष्टच सांगतो. त्याच्या समाजाची दोन-चार पोरं कॉलेजात होती. ती संध्याकाळी गावात एका खोलीत जमून वंदना करू लागली. त्यांनी सुदामला आपुलकीनं बोलावलं. तो गेला, बसला, ओठ मिटूनच. ती पोरं नव्यानं ताठ उभी राहिलेली. त्यांना हे लागलं. एक जण म्हणाला, "अबे, आता तं आपलं घर झालं. आता बी तू पायरीवरच?" त्यात त्याचं काय चुकलं? इकडे वसतिगृहातली पोरं म्हणायची, "तुम्हाला आता धर्म मिळाला ना, जा मग तिकडं प्रार्थनेला." दोन्हीकडचं तो ऐकून घ्यायचा. आणि संध्याकाळी येऊन खालच्या पायरीवर बसायचा.

पुढच्या वर्षी वझलवार वकिलीला नागपूरला गेला. पायरीवर आम्ही दोघंच उरलो. मग पावसाळ्यानंतर सुदामच्या मायचा दमा बळावला. जिनातल्या कापसाचा भुसा तिच्या छातीत इतकी वर्षं साचलेला. सुदाम गावी गेला तो परतलाच नाही. मी एकटाच पायरीवर बसायचो. एकट्यानं कोणाला माणूस सांगणार?

न राहवून एका रविवारी मी पुलगावची गाडी धरली. विचारत विचारत त्याच्या घरी पोचलो तोवर दिवस कलला होता. सारवलेलं अंगण, एक खोली, दार उघडं. मी उंबऱ्यातच थबकलो. माय खाटेवर उशांना टेकून बसवलेली. एवढीशी झालेली. श्वास घ्यायलाच सारी ताकद जात होती, बोलायला उरत नव्हती. लांबून वस्तीतल्या वंदनेचा आवाज येत होता. तिनं डोळे फिरवून देवळीकडे पाहिलं. तिथं आता एक तसबीर होती आणि पुढं मेणबत्ती.

सुदाम उठला. मेणबत्ती लावली. खाटेजवळ खाली बसला, हात जोडले, आणि म्हणायला लागला. शरण जातो ते, तीनदा. सगळं. त्याच्या त्या हळू आवाजात, तिच्या श्वासाच्या बेतानं, एक शब्द म्हणायचा, ती ओठ हलवायची, मग दुसरा. गुरुजींपुढं ज्यानं पेटी बांधायची तयारी केली, लाख माणसांत ज्याचे ओठ मिटले, तो माझा सुदाम. त्यानं मला दारात पाहिलं. थांबला नाही. सगळं पुरं केलं. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, लाजायचं काय त्यात!

नंतर आम्ही कडुनिंबाखाली उभे राहिलो. तो म्हणाला, "खोटं नाई झालं ते."

"नाई," मी म्हटलं.

"माह्या वाटचं तिनं म्हटलं होतं. तिले आता म्हणता येत नाई. हे तिच्या वाटचं." मग माझ्याकडे वळून, "तू मले बरं वाटावं म्हणून तं नाई म्हणून राह्यला?"

"नाई रे बाबा! तुह्याजवळ खोटं बोलाची कोणाची छाती हाय?"

तेव्हा कुठं तो थोडा हसला. मला गाडी होती. निघताना म्हणाला, "येजो." पण मी पुन्हा जाईपर्यंत माय गेली.

थंडीत एका संध्याकाळी तो आला. कॉलेज सोडलं होतं, पेटी न्यायला आला होता. लांबच्या एका गावात शाळेवर मास्तरकी मिळाली होती. अंगात तोच पांढरा सदरा, पण आता त्यात माणूस कमी. अंगणात प्रार्थना सुरू झालेली. पेटी बाजूला ठेवून तो खालच्या पायरीवर येऊन बसला, जसं काही मधे काही घडलंच नाही.

"आज कोणाले आणलं?" त्यानं विचारलं.

इतक्या वर्षांत कोणी केलं नव्हतं ते मी केलं. "तुले," मी म्हटलं.

तो चपापला. पण नियम त्याचाच. "सांग मंग."

मी सांगितलं. वाहवा केली नाही, शिव्या दिल्या नाहीत. हॉटेलातला चहा, गुडघ्यावरचं बोट, नदीत ठेवलेले देव, मेणबत्ती. तो मान खाली घालून ऐकत होता, कोण्या परक्या माणसाचं ऐकावं तसं. मधे एकदाच म्हणाला, "हे बरोबर हाय." मी थांबलो तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "त्याले काय पाह्यजे?"

काय सांगू? देव त्याला नको होता. माय परत येणार नव्हती. दोन्हीकडच्या प्रार्थना त्याच्या नव्हत्या. तोंडाला जे शब्द येत होते ते सगळे खोटे वाटत होते.

"नाई सुचत? राहू दे," तो म्हणाला. "मले बी नाई सुचत."

तो उठला, पेटी उचलली. मागच्या फाटकाकडे जाताना सवयीनं भटारखान्याच्या खिडकीशी थांबला. आत न बघता म्हणाला, "महाराज, तुमी जेवले का?"

आतली खटपट थांबली. महाराज खिडकीत आला. त्याला मायचं कळलेलं होतं. हातात उलथनं, कपाळावर घाम. सुदामकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हम तो बाद में खा लेंगे. तूने खाया?"

दुसरा कोणीही "हो" म्हणाला असता आणि गाडीला गेला असता. सुदामला ते येत नव्हतं. तो उभाच राहिला. मला त्याची पाठ दिसत होती. मग मान जराशी हलली.

"नाई," तो म्हणाला.

महाराजानं मागचं दार उघडलं. "आ, अंदर आ."

"पाय धुतो," सुदाम म्हणाला.

"रहने दे पाँव."

मी पायरीवरून पाहत होतो. दार उघडंच होतं. चुलीच्या उजेडात, चौक्याच्या मधोमध, महाराजानं त्याच्यासाठी पाट मांडला आणि वाढायला बसला. सुदाम माझ्याकडे पाठ करून, ताटावर वाकून जेवत होता. पांढरा सदरा चुलीच्या उजेडात पिवळा दिसत होता. पलीकडे प्रार्थना संपली, पोरं उठल्याचा गलका झाला. तो जेवतच होता, आणि महाराज त्याला आणखी एक पोळी घे म्हणत होता.